एकोणतीस अंकांची रक्कम आणि तिचा ताळा

व्यापाऱ्यास संख्येचा परिचय करून देण्याचे कारण नाही. कापसाचा हंगाम सुरू झाला की आदिलाबादच्या बाजारात दिवस उजाडतो तो आकड्यांनी, आणि रात्री वही मिटते तीही आकड्यांनीच. आवक किती क्विंटल झाली, ओलाव्यापोटी वजावट किती धरली, रुई किती उतरली, सरकी किती निघाली, येणे किती, देणे किती, हाच आपला नित्यपाठ. ह्या जिल्ह्याने राज्ये बदललेली पाहिली. हैदराबाद संस्थान गेले, १९५६ साली आपण आंध्र प्रदेशात आलो, २०१४ साली तेलंगणा राज्य झाले आणि २०१६ साली जुन्या जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले. बाजारात तेलुगू, मराठी, हिंदी, उर्दू, गोंडी अशा भाषा चालतात. परंतु बेरीज कोणत्याही भाषेत केली तरी तीच येते. ज्या संख्येवर आपला प्रपंच चालतो तिच्याकडे आपल्या आचार्यांनी कोणत्या दृष्टीने पाहिले, ह्याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. तो करावा म्हणून हा लेखनप्रपंच.

अलीकडे एक प्रकार आमच्या वारंवार पाहण्यात येतो. सभासंमेलनांत आणि भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या संदेशांत आगमातील प्रचंड संख्यांचा मोठ्या अभिमानाने उल्लेख होतो. इतके अंक, इतकी शून्ये, जगात कोणाजवळ एवढी मोठी संख्या नव्हती, असे सांगितले जाते, टाळ्या पडतात, आणि विषय तेथेच संपतो. ती संख्या कशी उत्पन्न झाली, तिला कशाने भाग जातो, छापताना एखादा अंक इकडचा तिकडे झाला तर ओळखावयाचे कसे, हे कोणी विचारीत नाही. आमच्या मते हा अभिमान अपुरा आहे. नुसते शून्यावर शून्य मांडून कोणतेही पोर आपल्यापेक्षा मोठी संख्या लिहून दाखवील. संख्येचे मोल तिच्या लांबीत नसून तिच्या घडणीत असते, आणि ती घडण तपासण्याची परंपरा हाच आपला खरा वारसा होय. हे एका उदाहरणाने स्पष्ट करू.

दोन ही संख्या घ्या. तिचा वर्ग चार, चाराचा वर्ग सोळा, सोळाचा दोनशे छप्पन्न, आणि त्याचा पासष्ट हजार पाचशे छत्तीस. हे चार वर्ग झाले. पाचवा वर्ग ४,२९,४९,६७,२९६ आणि सहावा १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. ह्या पाचव्या आणि सहाव्या वर्गांचा गुणाकार केला म्हणजे जी रक्कम येते ती अशी:

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

एकोणतीस अंकांची ही संख्या पर्याप्त मनुष्यांच्या प्रमाणाच्या प्रकरणात येते. श्वेतांबर परंपरेच्या अनुयोगद्वार सूत्रात ती आहे आणि दिगंबर परंपरेच्या धवला टीकेतही तिची चर्चा आहे. तिचे वर्णन करण्याची सूत्रकारांची रीत पाहण्यासारखी आहे. एकोणतीस अंक पाठ म्हणण्याऐवजी, शहाण्णव वेळा निम्मी करता येईल अशी राशी, एवढेच ते सांगतात. निम्मे करण्याच्या ह्या क्रियेस धवलेत अर्धच्छेद अशी संज्ञा आहे. सोळाचे अर्धच्छेद चार, बत्तिसाचे पाच. दोन राशींचा गुणाकार केला तर त्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज होते, हा नियमही तेथे दिलेला आहे. पाचव्या वर्गाचे अर्धच्छेद ३२, सहाव्याचे ६४, बेरीज ९६. एवढ्या जंगी गुणाकाराचे मर्म एका तोंडी बेरजेत आले!

दुकानावर बसलेल्या माणसास ही रक्कम आपल्याच हिशेबाने अजमावता येते. दोनाची दहा वेळा दुपटी केली की १०२४ होतात, म्हणजे एक हजार आणि वर शेकडा २.४. नव्वद दुपटी म्हणजे अशा दहा-दहांच्या नऊ खेपा. उरलेल्या सहा दुपटींचे ६४. तेव्हा ६४ मुद्दल, दर मुदतीस शेकडा २.४ व्याज, नऊ मुदतींची चक्रवाढ, एवढाच हा प्रश्न उरतो. उत्तर ७९.२२८ च्या आसपास येते. त्यापुढे नऊ हजारांची, म्हणजे सत्तावीस अंकांची जागा. वर मांडलेल्या रकमेचे पहिले पाच अंक ७, ९, २, २, ८ हेच आहेत. ज्याने आयुष्यभर व्याज आकारले त्याला ही संख्या परकी वाटण्याचे कारण नाही.

आता तिचे गुण पाहू. तिचा मूळ घटक एकच, तो दोन. तिला तिनाने, पाचाने, साताने कधीही नि:शेष भाग जाणार नाही. तिला नि:शेष भागणाऱ्या संख्या मोजून ९७: एक, दोन, चार, आठ असे करीत खुद्द तिच्यापर्यंत. शहाण्णव हा अंक दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा, सोळा इत्यादींनी भागला जातो, म्हणून ही एकच संख्या एका राशीचा वर्ग आहे, दुसरीचा घन आहे, आणि चौथा, सहावा, आठवा, बारावा, सोळावा घातही आहे. आणि एवढी विशाल असूनही ती संख्यातच आहे. आगमांनी संख्यात, असंख्यात आणि अनंत असे तीन भेद केले आहेत. आपण बोलण्याच्या ओघात कोणत्याही मोठ्या गोष्टीस अनंत म्हणतो. आचार्य तसे म्हणत नसत.

मुख्य मुद्दा ताळ्याचा. जुन्या मुनिमांना नवाचा ताळा ठाऊक होता. आज गणकयंत्राच्या भरवशावर तो विसरला जात आहे. खिशातले साधे गणकयंत्र एकोणतीस अंक दाखवू शकत नाही, परंतु ताळा त्यांच्यावरही चालतो. चौसष्ट म्हणजे त्रेसष्ट आणि एक. त्याला नवाने भागले तर बाकी एक. आपली राशी म्हणजे सोळा वेळा चौसष्टांचा गुणाकार. तेव्हा तिचीही बाकी एकच आली पाहिजे. अंकांची बेरीज करा: १२७ येते, एक, दोन आणि सात मिळून दहा, दहाचे एक. ताळा जमला.

पण नवाच्या ताळ्यास एक दोष दिसत नाही. शेजारचे दोन अंक एकमेकांच्या जागी पडले तर बेरीज तीच राहते आणि चूक लपते. म्हणूनच खतावणीत फरक निघाला आणि त्यास नवाने भाग गेला, तर अनुभवी मुनीम आधी अंकांची अदलाबदल शोधतो. ही चूक पकडण्यास अकराचा ताळा हवा. उजवीकडून एकाआड एक अंकांची बेरीज करा: ७९. राहिलेल्यांची करा: ४८. वजाबाकी ३१, तीतून बावीस गेले, बाकी नऊ. दुसऱ्या बाजूने पाहा: बत्तीस म्हणजे तेहतिसास एक कमी, राशीत बत्तीस एकोणीस वेळा आणि वर एकदा दोन, तेव्हा अकरास दोन कमी, म्हणजे नऊच. दोन्ही बाजू मिळाल्या. हे दोन ताळे ज्याला येतात त्याच्या हातून ही संख्या सहसा चुकीची छापली जाणार नाही, आणि दुसऱ्याने चुकीची छापली तर ती त्याच्या नजरेतून सहसा सुटणार नाही.

आता ज्या प्रसंगासाठी आम्ही हे उदाहरण निवडले तो सांगतो. षट्खंडागमाच्या सूत्रात पर्याप्त मनुष्यांचे प्रमाण मर्यादांनी सांगितले आहे: कोटीच्या तिसऱ्या घाताहून अधिक आणि चौथ्या घाताहून कमी, तसेच दोनाच्या सहाव्या वर्गाच्या वर आणि सातव्याच्या खाली. आपली एकोणतीस अंकांची राशी वर्गांच्या मर्यादेत बसते. परंतु कोटीचा चौथा घात म्हणजे एकावर अठ्ठावीस शून्ये. तेही एकोणतीसच अंक. अंकांची संख्या सारखी, पण पहिली रक्कम दुसरीच्या जवळजवळ आठपट! वरवर पाहणारा येथे फसला असता. नवव्या शतकाच्या आरंभी धवला लिहिणारे वीरसेनाचार्य फसले नाहीत. परंपरेने आलेली ही राशी मर्यादेबाहेर जाते हे त्यांनी ओळखले, आणि मनुष्यक्षेत्राचे क्षेत्रफळ काढून एवढी मोठी संख्या त्यात मावणार नाही असे सिद्ध करण्याचा प्रयत्न केला.

परंपरेने हाती दिलेली संख्या एका आचार्यानेच दुसऱ्या मापाने तपासून घेतली, हा ह्या प्रसंगाचा अर्थ. गोदामातला माल वहीशी ताडून पाहणे आणि मालास जागा पुरेल की नाही हे मोजून पाहणे, ही आपली रोजची रीत. तीच रीत त्यांनी शास्त्रात वापरली. येथे एक खुलासा अवश्य आहे. आजच्या भूगोलाच्या जगाची लोकसंख्या २०२२ साली आठशे कोटींवर गेली. ती दहा अंकी रक्कम आहे. आगमातील मनुष्यक्षेत्राची कल्पना निराळी आहे. एकीच्या मापाने दुसरी मोजण्याचा अट्टाहास कोणी करू नये. श्रद्धेचा विषय श्रद्धेच्या ठिकाणी राहो. आमचे म्हणणे तपासण्याच्या रीतीपुरते आहे.

हा ग्रंथ आपल्या हाती आला तो फार दुरून नव्हे. मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके जपलेली धवला टीका डॉ. हीरालाल जैन ह्यांनी संपादित केली. तिचा पहिला भाग १९३९ साली अमरावतीहून प्रसिद्ध झाला आणि १९५८ पर्यंत सोळा भाग पूर्ण झाले. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, आणि त्याच्या पलीकडे अमरावती! चौथ्या भागात लखनौचे प्राध्यापक अवधेश नारायण सिंह ह्यांनी धवलेतील गणितावर निबंध लिहिला, त्यामुळे गणिताच्या अभ्यासकांचे तिकडे लक्ष गेले. अर्धच्छेदांचे नियम पाहून कोणी म्हणतात की लॉगॅरिथमचा शोध आमचाच. आम्हास हा दावा मान्य नाही. नेपियरने १६१४ साली कोष्टके प्रसिद्ध केली. कोणत्याही संख्येस लागू पडतील आणि नाविकाच्या व ज्योतिषाच्या कामी येतील अशी ती होती. धवलेतील विचार त्याहून आठ शतके जुना आणि स्वतंत्र आहे, हे आपल्यास पुरेसे आहे. दुसऱ्याचे जमेचे खाते आपल्या नावे मांडणे व्यापारात चालत नाही. विद्येत तरी का चालावे?

आता शीर्षप्रहेलिका घेऊ, कारण संदेशांतून तिचेच नाव अधिक फिरते. चौऱ्याऐंशी लक्ष वर्षांचे एक पूर्वांग, चौऱ्याऐंशी लक्ष पूर्वांगांचे एक पूर्व, अशा पायऱ्या चढत अनुयोगद्वाराच्या गणनेत अठ्ठाविसाव्या पायरीस शीर्षप्रहेलिका येते. म्हणजे चौऱ्याऐंशी लक्षांचा अठ्ठाविसावा घात. तिचे अंक १९४. त्यांतील पहिले चोपन्न अंक आणि पुढे १४० शून्ये. लांबीला ती मागील राशीच्या सहापटींहून अधिक आहे. परंतु तिची घडण पाहा. चौऱ्याऐंशी लक्ष म्हणजे दोनाचा सातवा घात, पाचाचा पाचवा घात, एक तीन आणि एक सात. म्हणून शीर्षप्रहेलिकेत दोन १९६ वेळा, पाच १४० वेळा, तीन २८ वेळा आणि सात २८ वेळा आहेत. पाचवा कोणताही मूळ घटक नाही. शून्ये १४०च का, ह्याचे उत्तर येथेच मिळते: दोनाची आणि पाचाची जोडी जुळली की एक शून्य उत्पन्न होते, आणि पाच आहेत १४०. ह्या संख्येस नि:शेष भागणाऱ्या संख्या २,३३,६०,४५७ आहेत. एवढी विशाल, पण शंभर दारांच्या वाड्यासारखी मोकळी. कोठूनही आत शिरावे.

उलट ज्या संख्येस स्वत:खेरीज आणि एकाखेरीज दुसरा भाजक नाही ती मूळ संख्या. तिला एकही दार नाही. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन ह्यांनी दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर गुप्तलेखनाची एक पद्धत उभारली. तीत सहाशेहून अधिक अंकांच्या संख्या वापरतात, आणि अशा संख्येस भाजक अवघे चार. ते शोधणे अतिशय दुर्घट, म्हणूनच अशा पद्धतींच्या आधारे परक्या तारेवरूनही पैशाचा निरोप सुरक्षित जाऊ शकतो. एखादी मोठी संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि बेताच्या वेळात ठरविण्याची रीत २००२ साली कानपूरच्या आयआयटीतील मणीन्द्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना ह्या तिघांनी शोधून काढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली प्रचंड मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकांची आहे. पण तिचे वर्णन आपल्या सूत्रकारांच्या रीतीने एका ओळीत होते: जी राशी १३,६२,७९,८४१ वेळा निम्मी करता येते, तिच्यात एक कमी. अर्धच्छेदाची भाषा अद्याप जुनी झालेली नाही.

ताळाही जुना झालेला नाही. २०१७ च्या जुलैपासून आपल्या प्रत्येक पावतीवर जो पंधरा स्थानांचा जीएसटी क्रमांक छापला जातो, त्याचे पहिले दोन अंक राज्याचे (तेलंगणाचे ३६, महाराष्ट्राचे २७) आणि शेवटचे स्थान निव्वळ ताळ्याचे असते. मधला अंक चुकला की शेवटचे चिन्ह जुळत नाही. मुनिमाची विद्या आता यंत्राच्या पोटात गेली. पण ती विद्या तीच.

महावीराचार्यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळी, इ. स. ८५० च्या सुमारास त्यांनी गणितसारसंग्रह रचला. त्या राजाची राजधानी मान्यखेट म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. १९५६ पर्यंत ते गाव आणि आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो. महावीराचार्यांनी एकापासून महाक्षोभापर्यंत चोवीस स्थानांची नावे दिली. पण आम्हास अधिक प्रिय आहेत ती त्यांची कंठाभरणे. गुणाकार केला की अंक हारातील मण्यांसारखे दोन्ही बाजूंनी सारखे यावेत, अशी उदाहरणे त्यांनी घातली आहेत. १५२२०७ ला ७३ ने गुणा. आठ एकांची माळ येते. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा, १२३४५६५४३२१ येतात. ह्यात गंमत अशी की ४४१ हा एकविसाचा वर्ग, पहिली संख्या ५२९१ चा वर्ग, आणि उत्तर ११११११ चा वर्ग. अशाच वर्गांचा छंद अकरा शतकांनंतर देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर ह्यांना लागला. डोंबिवली स्थानकावरून त्यांनी अशा संख्यांना डेम्लो हे नाव दिले, आणि त्यांचा ६१७४ हा अंक जगभर गेला. त्यांच्यापाशी साधन काय होते? कागद, पेन्सिल आणि तपासून पाहण्याची हौस.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील की शास्त्रातील संख्या तपासणे ही आशातना होय. त्यांना आम्ही नम्रतेने वीरसेनांकडे बोट दाखवितो. काही तरुण म्हणतील की यंत्र असता ही यातायात कशाला? त्यांना आमचा प्रतिप्रश्न आहे: यंत्रात चुकीचा आकडा घातला तर चूक कोण पकडणार? ज्या घरातील मुलास किंवा मुलीस उत्तर साधारण किती यावे ह्याचा अंदाज नाही, त्या घरची पेढी परक्याच्या आकड्यावर चालते. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ह्यांचे पाठांतर आपल्या घरांतून गेले, त्याबरोबर हा अंदाजही जात आहे. हे नुकसान ताळेबंदात दिसत नाही, म्हणून ते लहान आहे असे कोणी समजू नये.

ह्यास्तव आपल्या संघटनेपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली: आपल्या कोणत्याही प्रकाशनात शास्त्रातील संख्या छापावयाची तर ती कशी उत्पन्न झाली हे आणि तिचा ताळा शेजारी छापावा; ज्याचा ताळा देता येत नाही ते छापू नये. दुसरी: पाठशाळेत सूत्रांच्या पाठांतराबरोबर आठवड्यातून एक तास अर्धच्छेद, ताळे आणि तोंडी हिशेब ह्यांना द्यावा, आणि त्यात मुलींना मुलांइतकेच स्थान असावे. पर्युषणाच्या निमित्ताने बक्षिसे होतात, त्यांत तोंडी गणिताचे एक वाढवावे. तिसरी: गणितसारसंग्रहाची हिंदी अनुवादासह आवृत्ती सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ साली काढली, ती आणि धवलेचे गणिताचे भाग स्थानकाच्या किंवा मंदिराच्या कपाटात आणून ठेवावेत, आणि कपाटास कुलूप लावू नये.

खर्च फारसा नाही. एका स्नेहभोजनाच्या खर्चात हे सर्व होऊन वर शिल्लक राहील. वर मांडलेली एकोणतीस अंकांची रक्कम ह्याच पानावर आहे. घरातील सर्वांत लहान विद्यार्थ्यास जवळ बोलवा, पेन्सिल त्याच्या हाती द्या, आणि अंकांची बेरीज १२७ येते की नाही हे त्यालाच पाहू द्या. आली तर छपाई शुद्ध आहे असे समजा. न आली तर संपादकांना खुशाल पत्र लिहा.